निवडलेलं आकाश

४ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार. भाऊजींनाही सांग. ढमीच्या डोक्यावर तिच्या मामाच्या वतीने एक टपली मार, हळूच. माझं बरं चाललंय, म्हणजे जेवतो, झोपतो, दुकानात जाऊन चष्म्याच्या काचा घासतो आणि संध्याकाळी गच्चीवर जाऊन ढगांचे फोटो काढतो. परवा पश्चिमेला गारांचा ढग उभा राहिला होता, खालून हिरवट, वरून ऐरणीसारखा सपाट. गारा आपल्याकडे पडल्या नाहीत, दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यात पडल्या असतील.

दोन गल्ल्या पलीकडे पोस्टाने पत्र पाठवणारा वस्तीतला पहिला माणूस बहुतेक मीच. खिडकीतल्या बाईने पत्ता पाहिला, मग मला पाहिलं आणि म्हणाली, "चालत गेलात तर लवकर पोचेल की." मी म्हटलं, "पत्र पोचेल हो, पण मला दारातूनच परत पाठवतील." ती हसली. मी विनोद करत नव्हतो. तू फोन उचलत नाहीस, दार उघडत नाहीस, आणि रस्त्यात समोर आलीस की भाजी निवडायला खाली वाकतेस. परवा तू वाकलीस ते कुलपांचं दुकान होतं.

आधी घाणीच्या बातम्या, कारण चांगल्या फारशा नाहीत. कारखान्याने माझा फोटो त्यांच्या रस्त्याकडच्या भिंतीवर लावलाय. तू तिथून रोज जातेस, तुला काय सांगायचं. वीस फूट लांब आकाश, आणि खाली हिरव्या अक्षरांत ‘आमची वस्ती, आमचं निर्मळ आकाश’. भिंतीच्या आत जुने टायर भट्टीत घालून तेल काढतात आणि भिंतीबाहेर माझे तारे. बॅनर लावून महिना झाला नाही तर खालच्या कडेला काळी चिकट किनार धरलीय. बोट लावलं तर बोट काळं होतं, आणि ते साबणाने निघत नाही. कुणीतरी कोपऱ्यात पचकन थुंकलंय, बरोबर माझ्या नावावर. ते पुसायला मी रुमाल काढला होता, मग म्हटलं राहू दे.

कॅलेंडरही छापलंय. आमच्या दुकानात मालकांनी ते माझ्या घासायच्या मशीनसमोरच टांगलं. दिवसभर मान वर केली की तेच. कारखान्यातल्या कामगारांचे सुरक्षा-चष्मे आमच्याकडूनच जातात, त्यामुळे मालकांना ते आकाश फार आवडतं.

बक्षीस समारंभाचं तुला कधी सांगितलं नाही. आमच्या फोटोग्राफी क्लबच्या स्पर्धेचा विषय होता ‘माझ्या गच्चीवरून’. नियम सोपे: फोटो आपल्याच वस्तीतून काढलेला हवा आणि खाली तारीख-वेळ हवी. स्पर्धेचा खर्च कारखान्याने उचललाय हे मला हॉलमध्ये शिरल्यावरच कळलं, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे अर्जाच्या पाठीमागे ते ठळक छापलेलं होतं. कागदी प्लेटमध्ये केक, केकवर निळं क्रीम, आकाश म्हणे. कारखान्याची जनसंपर्क बघणारी बाई आल्या आल्या खिडक्या लावायला सांगू लागली, बाहेरून वास येत होता ना. तीच बाई नंतर माइकसमोर उभी राहून आपल्या वस्तीच्या हवेबद्दल गोड गोड बोलली. परीक्षकांपैकी एक जण माझ्या फोटोपुढे उभा राहून "काय शुद्ध आहे, काय शुद्ध आहे" म्हणत होता, आणि निळं क्रीम त्याच्या मिशीला लागलेलं. मला किळस आली, ताई. पण मी केक खाल्ला. दुसरा तुकडाही घेतला.

आता सुनावणीचं. तू उठून निघून गेलीस आणि तेव्हापासून माझ्याशी बोलणं टाकलंस, म्हणून एकदा माझी बाजू ऐक. तुमच्या गल्लीची तक्रार होती की सतरा एप्रिलच्या रात्री कारखान्याने मनाई असताना भट्टी चालवली, धूर खाली बसला आणि चौघांना दवाखान्यात न्यावं लागलं. त्यात आपली ढमी. कारखाना म्हणाला, भट्टी बंद होती. मला बोलावणं आलं, मी गेलो. त्यांच्या वकिलाने माझा तोच बक्षिसाचा फोटो वर धरला. हा तुमचाच का? हो. सतरा एप्रिल, रात्री अकरा ते एक, ही वेळ बरोबर का? हो. प्रदूषण खात्याच्या साहेबांनी फोटो नाकाजवळ धरून पाहिला, त्यांच्या चष्म्याला ओरखडेच ओरखडे होते, आणि म्हणाले, "आकाश तर स्वच्छ दिसतंय." झालं. तक्रार फेटाळली. यात मी खोटं काय बोललो, सांग. मी फोटो काढतो. त्याचा कोण काय उपयोग करतो, ते माझ्या हातात आहे का?

आणि त्या रात्री तू केलेल्या फोनबद्दल पुन्हा एकदा: माझा फोन खाली घरात चार्जिंगला होता. मी वर होतो. हे मी तेव्हाच सांगितलंय, भाऊजींनाही सांगितलंय.

ढमी जिना चढताना अजून थांबते का?

तुझा, तू बोल अथवा न बोल, तुझाच
धाकटा


१९ नोव्हेंबर

ताई,

तुझं कार्ड मिळालं. चार दिवसांत दोन गल्ल्या, पोस्टाची कमाल आहे. वर माझा पत्ता आणि मधोमध एकच ओळ, ना नमस्कार ना सही: ‘त्या रात्री तुला वास आला होता का?’

मी ते कार्ड पहिल्यांदा वाचलं आणि चिडलो. दोन पानं खरडली, फाडली. तुला लिहिलं होतं की तुझी ही जुनी सवय आहे, लहानपणीही असंच विचारायचीस, दूध सांडलं कुणी हे ठाऊक असताना. मग वाटलं, ठाऊक असूनच विचारतेयस तर मी हातपाय का झाडतोय?

आला होता.

जळक्या रबराचा, तेलकट, घशाच्या मागे जाऊन बसणारा. आधी वाटलं, कुणी कचरा पेटवलाय. मग कारखान्याच्या धुराड्याच्या दिशेने पाहिलं तर तिथले तारे नव्हते. ढग येतो तेव्हा तारे विझल्यासारखे हळूहळू जातात. हे तसं नव्हतं. खालून वर एक मळकट पडदा सरकत होता आणि आपल्या गल्ल्यांवर येऊन बसत होता. मी नाकाला रुमाल बांधला. आणि बसून राहिलो.

तू विचारशील, मग फोटोत तो धूर का नाही. हे तुला नीट समजावून सांगतो, कारण सुनावणीत कुणी विचारलं नाही आणि मी आपण होऊन सांगितलं नाही.

रात्रीच्या आकाशाचा चांगला फोटो एका फोटोत येत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर लावायचा आणि एकामागोमाग एक फोटो घेत राहायचे. त्या रात्री मी दोन तासांत दोनशे चाळीस घेतले, प्रत्येकी तीस सेकंदांचा. मग कॉम्प्युटरवर तारे जुळवून ते सगळे एकावर एक रचायचे. प्रोग्राम बघतो की प्रत्येक जागी बहुतेक वेळा काय दिसतंय, आणि तेवढंच ठेवतो. मध्येच विमान गेलं, ते उडतं. वटवाघूळ गेलं, उडतं. ढगाचा तुकडा, गाडीचा झोत, सगळं उडतं. आम्ही क्लबातले लोक याला निवडणं म्हणतो, धान्य निवडतात ना, तसं. धूर शेहेचाळीस मिनिटं होता. म्हणजे ब्याण्णव फोटोंत आहे आणि एकशे अठ्ठेचाळीस फोटोंत नाही. निम्म्याहून कमी. प्रोग्रामच्या लेखी तो खडा. निघाला.

आणि धूर चढत होता तेव्हाच मला हे माहीत होतं. म्हणून तर मी उठलो नाही. मनातल्या मनात मिनिटं मोजत होतो, की एक तासाच्या आत हटला तर फोटो वाचतो. हटला. मला बरं वाटलं, ताई! मी रुमाल सोडला आणि मला खरोखर आनंद झाला.

सुनावणीत वकिलाने विचारलं होतं, "फोटोत काही फेरफार?" मी म्हटलं, "नेहमीची साफसफाई." कारकुनाने मान खाली घालून लिहिलं, ‘फेरफार नाही’. मला वाचून दाखवलं. मी सही केली. मिठाची गुळणी धरून बसणं म्हणतात, तसाच बसलो होतो मी. तू तिसऱ्या रांगेत होतीस आणि माझ्याकडे बघत होतीस. तुला वाटलं असेल, हा आता बोलेल. मलाही तसंच वाटत होतं.

का बोललो नाही? फोटोसाठी. एवढंच. कारखान्याने मला विकत घेतलं असतं तर निदान सांगायला काहीतरी झालं असतं. मला कुणी काही दिलं नाही. वस्तीतल्या एका चष्मे घासणाऱ्या माणसाचा फोटो सगळ्यांत चांगला ठरला होता आणि तो तसाच राहावा, इतकी ती क्षुद्र गोष्ट. लिहिताना मला माझाच वीट येतोय.

ते मूळचे दोनशे चाळीस फोटो असते तर तुमच्या अपिलाला उपयोग झाला असता, हे मला कळतं. बारा डिसेंबरला सुनावणी आहे असं भाऊजींबरोबर काम करणाऱ्या एकाकडून समजलं. पण मूळ फोटो मी ठेवत नाही. फार जागा खातात. अंतिम फोटो झाला की उडवून टाकतो. माफ कर.

धाकटा


३ डिसेंबर

ताई,

या वेळी कार्ड आलं नाही. वाट पाहिली. पोस्टातल्या बाईला दोनदा विचारलं, तर म्हणाली, "भांडण मिटलं नाही वाटतं."

आज लांबण लावत नाही. मूळ फोटो आहेत. सगळे. मी कधीच काही उडवत नाही. सहा वर्षांपूर्वीचे नुसते राखाडी ढगसुद्धा माझ्याकडे जपून ठेवलेत, तर हे कसे उडवीन? गेल्या पत्रात मी खोटं लिहिलं, आणि पाकीट चिकटवताना मला चांगलं माहीत होतं की खोटं लिहितोय. पाकिटाच्या गोंदाची चव दिवसभर तोंडात राहिली.

खोटं का लिहिलं ते सांगायला दोन आठवडे लागले. एक एक करून सांगतो. तू वाचताना मध्येच थांबलीस तरी मी समजेन, पण शेवटपर्यंत वाच.

पहिली गोष्ट चष्म्याची. ढमी दवाखान्यात होती, पाचवा दिवस. तू तिचा चष्मा माझ्याकडे दिलास, नाकावरची पट्टी सैल झाली म्हणून. मी दुकानात नेला. मी वीस वर्षं लोकांचे चष्मे पुसतोय. लोकांच्या नाकाचं तेल, पावडर, स्वयंपाकाची वाफ, बिजागरीत साठलेला हिरवा मळ, सगळं मला बघून ओळखता येतं, आणि मी बिनदिक्कत पुसतो, माझं पोटच त्याच्यावर आहे. तुमच्या गल्लीतले चष्मे मला वर्षभर आधीपासून वेगळे दिसत होते. काचेवर काळपट साय असायची. साबणाने हलायची नाही. पण ढमीच्या चष्म्याइतकी दाट मी कधी पाहिली नव्हती. पोर घामाघूम होऊन खिडकीशी श्वासासाठी उभी राहिली असणार, तेव्हा बसलेली ती साय होती. मी स्पिरिटचे तीन बोळे घेतले. तिन्ही काळे झाले. कचऱ्याच्या डब्यात टाकले, वर कागद टाकला, हात धुतले. काचा लख्ख करून संध्याकाळी दवाखान्यात आणून दिल्या. ढमीने चष्मा घातला, तोंडावरची नळी जरा बाजूला केली आणि म्हणाली, "मामा, आता स्वच्छ दिसतंय." मी तिला म्हटलं, बोलू नकोस, दमशील.

ते तीन बोळे पिशवीत घालून ठेवले असते तरी पुरावा झाला असता. हे मला तेव्हा सुचलं नाही असं लिहिणार होतो. सुचलं होतं.

दुसरी गोष्ट फोनची.

माझा फोन चार्जिंगला नव्हता. गच्चीवर होता, कठड्यावर, माझ्या हाताशी. अकरा चाळीसला तो उजळला. आवाज मी बंद ठेवतो. ‘ताई’ लिहून आलं. मला वाटलं, धुराचं गाऱ्हाणं असेल, तू गेले कित्येक महिने तेच सांगायचीस, आणि मी हं हं म्हणायचो. आणि पडद्याचा उजेड कॅमेऱ्यात जात होता. मी फोन पालथा घातला. अकरा त्रेचाळीसला थरथरला. उचलून नाव पाहिलं, पालथा घातला. अकरा एक्कावन्नला पुन्हा. बारा वाजून दोन मिनिटांनी पुन्हा. चार वेळा, ताई. भाऊजी रातपाळीला होते, तुझ्या दारात गाडी नव्हती, माझ्या दारात होती. तुला कोण मिळालं, तर कोपऱ्यावरचा पाववाला, तो झोपेतून उठून टेम्पो घेऊन आला आणि पोरीला पावाच्या रिकाम्या क्रेटांमध्ये आडवी घालून घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले होते ना, अर्धा तास आधी आणलं असतं तर फुप्फुसाचं एवढं नुकसान झालं नसतं. ते वाक्य त्यांनी माझ्यासमोर उच्चारलं. मी मान हलवली आणि डब्यातला चहा ग्लासात ओतून तुला दिला.

आता तुला कळेल मी ते फोटो का लपवले. त्यांत काय सापडेल ते ठाऊक होतं, तरी मी ते गेल्या आठवड्यात पहिल्यांदा एकेक करून पाहिले. पंचेचाळिसाव्या फोटोत धूर सुरू होतो. एकशे छत्तिसाव्यात संपतो. धुराडं, त्याच्या तोंडाशी लालसर उजेड, म्हणजे भट्टी चालू, सगळं स्पष्ट. प्रत्येकावर सेकंदासकट वेळ. वकिलाला तोंड उघडायला जागा राहणार नाही. आणि त्याच फोटोंत, खाली, कठड्यावर, निळा उजेड पडलाय. एक्क्याऐंशी, सत्त्याऐंशी, एकशे तीन, एकशे पंचवीस. मागच्या पत्रात सांगितलं ना, प्रोग्राम निवडतो ते. धुराबरोबर त्याने हेही निवडून काढून टाकलं होतं. एकशे तीनमध्ये माझा हातही आलाय, अंगठ्यासकट, फोन पालथा घालताना.

मी काय केलं सांगू? चारही फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये काढले. बाकीचे तुला द्यायचे, असं ठरवलं. दोनशे छत्तीस पुरेत, कोण मोजतंय. तीन दिवस मी स्वतःला फार भला माणूस समजत हिंडलो. मग परवा दुकानात काच घासताना वर बघितलं, त्या कॅलेंडरकडे, आणि डोक्यात आलं की पहिल्या वेळी मी जे केलं, तेच आता पुन्हा करतोय, फक्त या वेळी हाताने. आणि वकील काही मूर्ख नाही. नंबर सलग नाहीत म्हटल्यावर तो म्हणणार, मधले कुठे गेले, बाकीच्यांचा काय भरवसा? माझी अब्रू झाकायला तुमची केस पुन्हा बुडाली असती. मालकांना सांगितलं, पोट बिघडलंय, आणि मोरीत जाऊन बसलो.

पोट तसं जुनंच बिघडलंय. रोज संध्याकाळी मी ढगांचे फोटो काढतो, ते बघून लोक म्हणतात, तुमचा डोळा काय आहे हो. डोळा आहेच. दिसत सगळं होतं. तू मला पहिला कॅमेरा आणून दिलास, जुना, पट्टा तुटलेला, आणि म्हणाली होतीस, "जे दिसेल ते काढ, सुंदरच पाहिजे असं नाही." मी सोळा वर्षांचा होतो, हसलो होतो तुला. तुझं वाक्य मला नेहमी आठवायचं, कुणी विचारलं तर मी ते सांगायचोही, क्लबात सांगून टाळ्याही घेतल्यात.

पाकिटात पेनड्राइव्ह आहे. दोनशे चाळीस फोटो आहेत, नंबर एकपासून, एकही कमी नाही. कॅमेऱ्यातलं मूळ कार्ड मी बारा तारखेला स्वतः घेऊन येईन आणि साहेबांच्या टेबलावर ठेवीन. क्लबला चिठ्ठी पाठवलीय की फोटोतून धूर काढलेला आहे, बक्षीस परत घ्या. सचिवांचा फोन आला, म्हणाले, "अहो, सगळेच काढतात, यात काय एवढं?" खरंच सगळेच काढतात. मालकांना अजून बोललो नाही. कारखान्याचे चष्मे गेले की माझी खुर्चीही जाईल, हे त्यांना सांगायची गरज पडणार नाही.

ढमीला हे पत्र दाखवू नकोस, असं मी आधी लिहिलं होतं. ती ओळ खोडली. दाखव. ती पंधरा वर्षांची आहे, शाळेत आठशे मीटर धावायची आणि आता दुसऱ्या मजल्यावर जाताना दोनदा थांबते. आपण का थांबतो ते तिला कळायला हवं. मामाचं तोंड पाहणार नाही म्हणाली तर तिला समजावू नकोस. तूही मला माफ कर असं मी म्हणत नाही. गेल्या पत्रात म्हटलं होतं, ते मागे घेतो, ते फार सोपं होतं.

शेवटचं काम. काल कचेरीबाहेरच्या टायपिंगवाल्याकडून प्रतिज्ञापत्र करून घेतलं. जे घडलं ते सगळं त्यात आहे, फोनसकट, वेळेसकट. "फोन हातात असूनही उचलला नाही" हे टाइप करताना त्याने एकदा माझ्याकडे वळून पाहिलं. मी म्हटलं, लिहा. नाव, वय, धंदा, पत्ता, सगळे रकाने झाले. एका रकान्यापाशी त्याची बोटं थांबली. "तक्रारदाराशी नातं?"

मी त्याच्या टेबलावरचे कागद सारखे करू लागलो. मागे रांग होती. तो वैतागून म्हणाला, "अहो, भाऊ, शेजारी, कुणी नाही, काय असेल ते सांगा ना." मी म्हटलं, ते कोरं सोडा. तो म्हणाला, कोरं चालत नाही, सुनावणीआधी भरावं लागेल, हाताने लिहिलं तरी चालतं. बाकी सगळीकडे माझी सही आहे.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. तुझ्या दाराच्या फटीतून आत सरकवतो आणि जातो, बेल वाजवत नाही. प्रतिज्ञापत्र याच पाकिटात आहे. तो रकाना तू भर.

तू तिथे लिहिशील तो